वाटीतलं पाणी

सात महिन्यांचं लेकरू आजीच्या मांडीवर होतं. समोर स्टीलची छोटी वाटी, वाटीत पिवळसर पाणी, तळाशी डाळीचे चार-दोन कण. आजी चमच्याने ते पाणी त्याच्या ओठांना लावत होती आणि लेकरू चपाचपा चोखत होतं. नागपुरात नाग नदीच्या काठाला एक वस्ती आहे. तिथे मी काही वर्षं नियमाने जाते. हे दृश्य तिथलं, पण असं दृश्य मी धरमपेठेतल्या फ्लॅटमध्येही पाहिलं आहे.

"काय देता याला?" मी विचारलं.

"डाळीचं पाणी देतो ना जी. सकाळ-संध्याकाळ देतो."

उत्तरात थोडा अभिमान होता आणि तो रास्तच होता. तुरीची डाळ स्वस्त नाही. ती कुकरमध्ये शिजवायची, फोडणी घालण्याआधी वरचं पाणी अलगद काढून ठेवायचं, कोमट करायचं, यात माया आहे. डाळीचा सगळा कस पाण्यात उतरतो अशी त्या घराची खात्री होती. मी कुकरमधली खाली उरलेली डाळ मागितली. एका ताटात एक चमचा पाणी ओतलं, शेजारी एक चमचा घोटलेली डाळ ठेवली आणि ताट तिरपं केलं. पाणी कडेपर्यंत धावलं. डाळ जागच्या जागी राहिली. आजी बराच वेळ ताटाकडे पाहत होती. मग म्हणाली, "म्हणजे डाळ आम्ही खातो अन् पाणी लेकराले देतो."

या लेखात मला जे म्हणायचं आहे, त्याचा अर्धा भाग आजीने त्या एका वाक्यात सांगितला. उरलेला अर्धा भाग त्या वेळी घरात नसलेल्या बाळाच्या आईचा आहे. तिच्याकडे पुढे येते.

कुपोषण म्हटलं की महाराष्ट्राला मेळघाट आठवतो. १९९३ साली धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतले बालमृत्यू राज्याच्या चर्चेत आले, आणि तेव्हापासून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तो विषय पुन्हा पुन्हा निघतो. निघायलाच हवा. नागपूरच्याच मेडिकलमध्ये शिकलेले डॉ. रवींद्र कोल्हे बैरागडला जाऊन राहिले. तिथेच शिकलेल्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत गावोगावचे बालमृत्यू मोजले. 'कोवळी पानगळ' या अहवालामुळे २००१ साली सरकारी आकडे आणि खरे मृत्यू यांतलं अंतर उघडं पडलं. या कामाविषयी माझ्या मनात निखळ आदर आहे. पण एक गोष्ट आपण सोयीने करून घेतली आहे. कुपोषण जंगलात राहतं, शहरात नाही, असं आपण धरून चाललो आहोत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली, ३६ वजनाने कमी आणि सुमारे २६ उंचीच्या मानाने रोडावलेली. रोडावलेल्या मुलांचं देशाचं प्रमाण १९ च्या आसपास आहे, म्हणजे आपलं प्रगत राज्य त्या बाबतीत देशाच्या बरंच मागे आहे. त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. देशातल्या सर्वांत श्रीमंत पाचव्या हिश्श्यातल्या घरांतही १०० पैकी २३ मुलं बुटकी आहेत. त्या घरांत धान्याची कमतरता नाही, फ्रीज आहे, बहुधा गाडीही आहे. गरिबी हे कुपोषणाचं सर्वांत मोठं कारण आहेच, पण ते एकमेव असतं तर हा २३ चा आकडा दिसला नसता.

मग काय घडतं? सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, अगदी पूर्णपणे पुरतं. त्यानंतर बाळाची गरज दुधाच्या पुढे जाते. पोटात असताना आईकडून मिळालेला लोहाचा साठाही साधारण तेव्हाच संपत येतो, आणि दुधात लोह फारच थोडं असतं. इथपासून दोन वर्षांचं होईपर्यंतचे अठरा महिने बाळ दूध आणि वरचं अन्न या दोन्हींवर जगतं. उंचीचं जे नुकसान व्हायचं ते मुख्यतः याच काळात होतं आणि नंतर ते फारसं भरून येत नाही. मेंदूची बहुतेक वाढही याच सुमारास होते. त्याच सर्वेक्षणानुसार या वयातल्या १०० भारतीय बाळांपैकी जेमतेम ११ बाळांना पुरेसा आणि पुरेशा प्रकारांचा आहार मिळतो. उरलेली ८९ बाळं काही सगळी उपाशी नसतात. त्यांच्यातल्या पुष्कळांचं पोट भरलेलं असतं, पण पाण्याने.

हिशेब साधा आहे. बाळाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे सुमारे ३० ग्रॅम अन्न मावतं. साडेसात किलोच्या बाळासाठी ते सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास होतं, म्हणजे दीड वाटी, आणि त्यात दुधालाही जागा हवी. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाशिवाय वरच्या अन्नातून दिवसाला साधारण २०० उष्मांक लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर साडेपाचशे. घट्ट घोटलेल्या खिचडीत तुपाचा एक छोटा चमचा घातला तर त्या चमच्यातूनच पंचेचाळीस उष्मांक मिळतात. अशी खिचडी दिवसातून दोन-तीनदा अर्धी-अर्धी वाटी दिली की दोनशेचा हिशेब बसतो. डाळीच्या पाण्याने किंवा भाताच्या पेजेने तो बसवायचा तर इतक्या वाट्या लागतील की पोटात दुधालाही जागा राहणार नाही. म्हणजे पातळ अन्न निरुपयोगी तर आहेच, शिवाय ते आईच्या दुधाची जागा अडवतं. बाळ पोट भरल्यामुळे झोपतं, घर समाधान पावतं आणि वजनाची रेघ आडवी होते.

घट्ट अन्न त्याला गिळवेल का, ही आजीची शंका खोटी नाही. लापशी दाट झाली की बाळ ती बाहेर ढकलतं. मग घरात त्यात पाणी घातलं जातं आणि पुन्हा तीच पळवाट सुरू होते. पण याचं उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात होतं. धान्याला मोड आले की त्यात पिठूळपणा तोडणारं द्रव्य तयार होतं. मोड आणून, वाळवून, दळलेल्या ज्वारी-गव्हाच्या पिठाचा एक चमचा कोमट झालेल्या दाट लापशीत ढवळायचा. काही मिनिटांत ती सैल होते, आणि त्यात पाण्याचा थेंबही वाढलेला नसतो. मग तिला पुन्हा एक उकळी आणायची. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रा. तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. आपल्याकडे मोडाच्या नाचणीचं सत्त्व करणाऱ्या बायांना हे कुणी प्रयोगशाळेत शिकवलं नव्हतं. हे ज्ञान आता डब्यात भरून, वर चित्र छापून, चारशे-पाचशे रुपयांना परत येतं आहे. पण त्यासाठी लागतं काय, तर मूठभर ज्वारी, एक ओलं फडकं आणि दोन दिवसांचं ऊन. ऊन नागपुरात विकत घ्यावं लागत नाही.

उन्हाचा विषय निघालाच आहे तर सांगते. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की पहिल्या सहा महिन्यांतल्या बाळालाही पाणी पाजण्याची घाई होते. "लेकराचा घसा सुकत असन ना," असं प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतं. आईच्या दुधात शंभरातले ८७-८८ भाग पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळाला पाणी नको, जास्त वेळा दूध हवं, आणि पाणी आईने प्यावं. वाटीतल्या पाण्याबरोबर जुलाब येतात आणि जुलाबाबरोबर पुढचा महिना वाया जातो. घुटी आणि मध चाटवण्याची तऱ्हाही तशीच. एक वर्षाच्या आत मध नको, कारण त्यातल्या जंतूंचा एक प्रकार इतक्या लहान आतड्यात विष तयार करू शकतो.

आपल्या परंपरेला मात्र मी दोष देणार नाही. उष्टावण सहाव्या महिन्याच्या सुमारास करायचं, हे कुणीतरी फार समजून ठरवलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आज तेच वय सांगते. मामाच्या मांडीवर बाळ, चांदीची वाटी, खीर, फोटो. माझी तक्रार दुसऱ्या दिवसाबद्दल आहे. उष्टावणाच्या दिवशी घट्ट खीर आणि दुसऱ्या दिवसापासून डाळीचं पाणी. सण एका दिवसात उरकतो, पण त्याने सुरू होणारं काम अठरा महिन्यांचं असतं.

आता संत्र्याविषयी. ज्या शहराची ओळखच संत्र्याने होते, त्या शहरात वर्षाच्या लेकराला संत्रं देत नाहीत, कारण सर्दी होते. केळं देत नाहीत, त्यानेही सर्दी होते. अंडं देत नाहीत, ते गरम पडतं. दही थंड. मुनग्याची पानं बाधतात. शेंगदाणा पचत नाही. एकेक वस्तू अशी बाद होत जाते आणि शेवटी ताटात भात, बटाटा आणि चहात बुडवलेलं बिस्किट उरतं. देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० पैकी ६७ मुलांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, याचा उगम मला या बादीच्या यादीत दिसतो. डाळ-भाजीतलं लोह शरीरात सहज शिरत नाही. आंबट फळाची सोबत असेल तर ते जास्त शोषलं जातं, आणि चहाची सोबत असेल तर अडतं. बिया आणि साल काढलेल्या संत्र्याच्या दोन फोडी वरण-भाताबरोबर दिल्या तर त्या भातातलं लोह बाळाच्या कामी येतं. बिस्किटाच्या निमित्ताने चहाचे चार घोट गेले तर तेच लोह वाया जातं. कळमन्याच्या बाजारात हंगामात संत्र्यांचे ढीग लागतात, आणि शहरातल्या अंगणवाडीच्या रजिस्टरमध्ये फिकट लेकरांची नावं असतात. ही दोन टोकं जोडायला नवी योजना लागत नाही.

अंड्यावर मात्र जरा थांबलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२३ ची शिफारस स्पष्ट आहे. सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळाला अंडी, मासे किंवा मांस यांपैकी काहीतरी रोज मिळावं. सावजी रश्श्याच्या या शहरात बहुसंख्य घरांत अंडं वर्ज्य नाही. तरी ते मोठ्यांच्या ताटात जातं. पूर्ण उकडून, कुस्करून, भातात कालवलेलं अंडं सात-आठ महिन्यांचं बाळ आनंदाने खातं. शाकाहारी घरांनी आपला निर्णय जरूर पाळावा, पण त्याची जबाबदारीही घ्यावी. म्हणजे डाळ दुप्पट, दही रोज, तीळ-शेंगदाण्याचा बारीक कूट, आंबट फळ आणि डॉक्टर किंवा आशाताई देतात ते लोहाचं औषध. अख्खा शेंगदाणा मात्र लहानग्याच्या हाती कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो. राज्य म्हणून आपण काय केलं? २०२३ च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं आणि २०२५ च्या जानेवारीत त्याचा सरकारी निधी थांबला. शाळेच्या वयाच्या मुलाची ही कथा, तर वर्षाच्या बाळाचं अंडं कुणाच्या खिजगणतीत असणार? अंगणवाडीतल्या साध्या बालकाच्या आहारासाठी २०१७ साली सुधारून ठरलेला दर दिवसाला आठ रुपये होता. नागपुरात तेवढ्यात जेमतेम एक अंडं येतं.

मध्यमवर्गीय घरातलं पातळपण वेगळ्या रूपात येतं, गोड आणि रंगीत डब्यांतून. भारतात १९९२ साली शिशुआहाराच्या जाहिरातींविरुद्ध कायदा झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक केला गेला. दोन वर्षांखालच्या बाळाच्या अन्नाची जाहिरात करता येत नाही, नमुने वाटता येत नाहीत. हा कायदा जगातल्या चांगल्या कायद्यांपैकी एक आहे. तरीही २०२४ च्या एप्रिलमध्ये पब्लिक आय या स्विस संस्थेने दाखवून दिलं की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकच्या एका वाढीत सरासरी पावणेतीन ग्रॅम वरून घातलेली साखर होती, आणि तीच कंपनी युरोपात तोच पदार्थ साखरेविना विकत होती. इथल्या बाळाची जीभ सहाव्या महिन्यापासून गोडाला सवकली की पुढे वरण-भात, भाकरीचा काला तिला बेचव लागतो. मग आई म्हणते, "हा काही खातच नाही." तो खातो, पण त्याला काय खायचं ते आपणच शिकवलेलं असतं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातलं पाच रुपयांचं पाकीट हा याच शिकवणीचा वस्तीतला भाग आहे.

आता त्या आईकडे येते. ती त्या वेळी दोन घरची धुणी-भांडी आटपून तिसऱ्या घराकडे निघाली होती. बाळंतपणानंतर तीन महिन्यांत ती कामावर परतली होती. २०१७ च्या दुरुस्तीने नोकरदार स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली, म्हणजे बरोबर सहा महिने. पन्नास किंवा त्याहून अधिक माणसं जिथे काम करतात तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. धुणी-भांडी करणारी, मिहान-बुटीबोरीकडच्या बांधकामांवर विटा वाहणारी, विदर्भातला कापूस वेचणारी बाई या कायद्यात कुठेच बसत नाही. तिचं बाळ आजीपाशी असतं, आजी नसेल तर सात वर्षांच्या बहिणीपाशी. सात महिन्यांच्या बाळाला अर्धी वाटी घट्ट खिचडी भरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. ते तोंड फिरवतं, हसतं, हात घालतं, थुंकतं, पुन्हा तोंड उघडतं. असं दिवसातून तीनदा. सात वर्षांची मुलगी हे करू शकत नाही, तिच्याकडून ते अपेक्षिणंही पाप आहे. डाळीचं पाणी दोन मिनिटांत संपतं, बिस्किट लेकरू स्वतःच धरतं. म्हणून मी म्हणते की डाळीचं पाणी हा निव्वळ अज्ञानाचा प्रश्न नाही. पातळ अन्न हे वेळ नसलेल्या घराचं अन्न आहे. आईला पोषणाचे धडे देणाऱ्या प्रत्येक भाषणाने आधी तिच्या दिवसाचा हिशेब मांडावा.

सरकारकडे या वयासाठी आहे तरी काय? १९७५ च्या २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. ताई वजन करते, दंडाला पट्टी लावते. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आलेल्या बाळाला 'सॅम', म्हणजे अतितीव्र कुपोषित, म्हणतात आणि त्याची धावपळ सुरू होते. हे काम मोलाचं आहे. पण अंगणवाडीत बसून खायचा हक्क तीन वर्षांपुढच्या मुलाला आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळाच्या वाट्याला घरी न्यायचं पाकीट येतं. ज्या वयात सगळं बिघडतं त्या वयात दार बंद, आणि बिघडून झाल्यावर दार उघडं. पाकिटाची कहाणी तर न्यायालयात किती वर्षं फिरली. या पुरवठ्यात ठेकेदार नकोत असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालीच सांगितलं होतं, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या निविदा त्याच न्यायालयाला रद्द कराव्या लागल्या. पण पाकीट उत्तम असलं तरी ते बाळाला भरवत नाही. भरवायला माणूस लागतो.

हा माणूस उभा करता येतो. नागपूरच्या पूर्वेला, छत्तीसगडात बिलासपूरजवळच्या गनियारीला, जन स्वास्थ्य सहयोगच्या डॉक्टरांनी गावागावांत फुलवाऱ्या सुरू केल्या. सहा महिने ते तीन वर्षांची मुलं, गावातलीच एखादी-दुसरी बाई, खिचडी, सत्तू आणि दिवसभराची देखरेख. आई शेतावर जाते तेव्हा बाळ उपाशी राहत नाही आणि मोठ्या बहिणीची शाळाही सुटत नाही. पुढे तिथल्या राज्य सरकारनेही तो नमुना काही भागांत उचलला. जे जंगलातल्या खेड्यांना जमलं ते महापालिका, मेट्रो, एम्स असलेल्या शहराला जमणार नाही, हे मी मान्य करणार नाही. खर्च होईल. पण त्या बाळाच्या पुढच्या आजारपणांचा, शाळेत मागे पडण्याचा आणि उद्याच्या अशक्त मजुरीचा खर्च आपण आजही करतोच आहोत, फक्त तो त्या घराच्या खात्यावर मांडतो.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नागपूर शहरातल्या प्रत्येक श्रमिक वस्तीत एक पाळणाघर हवं. सकाळी कामवाल्या बायांच्या वेळेला ते उघडावं आणि त्या परतेपर्यंत चालावं. सहाव्या महिन्यापासूनची मुलं तिथे घ्यावीत. दिवसातून तीनदा ताजं, घट्ट अन्न, आठवड्यातून किमान चार अंडी, हंगामात संत्री. भरवणाऱ्या बाईला मानधन नव्हे, पगार. अंगणवाडी सेविका २०२३ च्या डिसेंबरापासून पन्नासहून अधिक दिवस संपावर होत्या, हे विसरून त्यांच्याच डोक्यावर हे नवं ओझं टाकू नये.

आमदारांना एक विनंती. येत्या हिवाळी अधिवेशनात मेळघाटावर जरूर बोला. पण त्याआधी एका दुपारी सिव्हिल लाइन्समधल्या विधानभवनातून निघून दोन-चार किलोमीटरवरच्या कुठल्याही वस्तीतल्या अंगणवाडीत जाऊन बसा. पूर्वसूचना न देता जा. तिथे वजनकाटा असेल, तक्ता असेल, पाकिटं असतील. ताईला एवढंच विचारा, की सहा महिन्यांवरची लेकरं आत्ता कुठे आहेत आणि त्यांना कोण भरवतं आहे.